सत्ताविसाव्या किलोमीटरवरचा ठिपका

“अठ्ठावीस डिग्री,” हेमंत म्हणाला आणि हॉटेलच्या लॉबीत सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. “बाई, वाचलं का तुम्ही? उष्णतेचा इशारा म्हणे.”

काचेच्या दारावर आयोजकांची नोटीस चिकटवलेली होती. उद्या मॅरेथॉनच्या दिवशी हेलसिंकीत पारा अठ्ठावीसवर जाईल, धावणाऱ्यांनी जपून धावावं, जागोजागी जादा पाणी ठेवलं आहे, आणि ज्यांना झेपणार नाही त्यांनी अर्ध्या अंतरावर थांबावं. त्यांना अर्ध्या मॅरेथॉनचं पदक मिळेल, त्यात कमीपणा नाही.

“धरा जरा.” हेमंतनं फोन माझ्या हातात दिला आणि नोटिशीसमोर छाती काढून उभा राहिला. “नमस्कार अकोलेकर. हे पाहा काय लिहिलंय. अठ्ठावीस डिग्रीला इथं लोकांची पळापळ झाली आहे. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे चारला यापेक्षा जास्त असतं. उद्या यांना दाखवतो अकोल्याचा माणूस काय असतो ते. जय महाराष्ट्र.” मग मला म्हणाला, “आलं ना नीट? नोटीस दिसली पाहिजे मागं.”

“आलं,” मी म्हणाले.

मी त्याचा दुसरीकडून काढलेला व्हिडिओही दाखवू शकले असते. खाली जाड लोकरी पायमोजे, वर दोन थर्मल आणि खिशातून डोकावणारी माकडटोपी. उत्तरेकडचं थंड शहर म्हणून आमच्या क्लबनं महिनाभर थंडीची खरेदी केली होती. क्लबचं नाव ‘पहाट रनर्स’. आम्ही सहाजण आलो होतो. हेमंत गावंडे अध्यक्ष.

या अध्यक्षांची अकोल्यात एअर कंडिशनरची मोठी एजन्सी होती. घरात एसी, गाडीत एसी, दुकानात एसी, आणि धावण्याचा सराव दुकानाच्या वरच्या जिममध्ये, तोही एसीत. रविवारी तेवढा विद्यापीठाच्या रस्त्यावर यायचा. चार किलोमीटर धावायचा, चाळीस फोटो काढायचा आणि सगळ्यांना कचोरी खायला घालायचा. अकोल्याचं ऊन त्यानं आयुष्यात किती अंगावर घेतलं असेल, ते त्याचं त्यालाच माहीत. पण त्या उन्हाचा मान मात्र तो स्वतःकडेच ठेवायचा.

निघण्याआधी आमचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, सगळं. धावून आल्यावर सत्कार करावा, असं मी सुचवलं होतं. “बाई, आल्यावर वेगळा आहेच,” हेमंत म्हणाला. टॉवर चौकात फ्लेक्सही लागला होता. आम्हा सहाजणांचे फोटो, त्यात हेमंतचा सर्वांत मोठा, आणि खाली मजकूर: ‘हेलसिंकी येथील बेचाळीस किलोमीटरची दौड यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’

“अरे, अजून विमानाची तिकिटंही हातात नाहीत,” मी म्हणाले होते.

“छापणारा नंतर गावाला जातोय, बाई. आणि पूर्ण तर होणारच आहे. तुम्ही टेन्शन घेऊ नका, फोटोपुरतं धावा. बासष्ट वर्षांच्या बाई आमच्यात आहेत, एवढं पेपरात आलं की झालं.”

मी हसले. तिसरीत असताना हा माझ्या वर्गात होता. नगरपालिकेच्या शाळेत तिसऱ्या बाकावर बसायचा. याच्या वहीत गणित नेहमी दिसायला सुंदर असायचं. वर प्रश्न, खाली उत्तर, उत्तराखाली दोन रेघा. मधली जागा मात्र कोरी. उत्तर शेजारच्या पोराचं. मी कधी त्याचा कान धरला नाही. मी कुणाचाच धरला नाही. वही समोर ठेवायची आणि विचारायची, “हेमंत, मधलं कुठं आहे?” तो खिडकीबाहेर बघायचा. मी थांबायची. कधीकधी तास संपायचा, पण मी थांबायची. पस्तीस वर्षं शिकवून मला एवढंच कळलं आहे की चूक दाखवली की मूल ती लपवायला शिकतं आणि चूक दिसेपर्यंत थांबलं की ते आपणहून खोडरबर मागतं. हेमंतनं तेवढा कधी मागितला नव्हता.

निवृत्तीनंतर माझ्या घराच्या गच्चीवर संध्याकाळी पंधरावीस मुलं येतात. तिथं माझा एकच नियम आहे. गणित अर्धं आलं तर पान फाडायचं नाही, शेजारचं बघायचं नाही. जिथपर्यंत आलं तिथपर्यंत लिहायचं, खाली रेघ मारायची आणि रेघेखाली आपलं नाव. मग आम्ही सगळे टाळ्या वाजवतो. दुसऱ्या दिवशी त्या रेघेपासून पुढे. चांदणी तायडे नावाची एक मुलगी होती. तिसऱ्या पायरीला तिचा धीर सुटायचा आणि पाटी पुसून ती रडत बसायची. रेघ मारायला लागली तशी तिसरीवरून पाचवीपर्यंत आली. इयत्ता नव्हे, पायरी म्हणते मी.

निघायच्या आदल्या दिवशी तिनंच विचारलं, “बाई, तुमचं अर्धंच झालं त?”

“तर मीही रेघ मारीन.”

“खरंच?”

“खरंच. नाव लिहून.”

मला मात्र ती रेघ बेचाळीसच्या पुढेच मारायची होती. तीन वर्षं मी त्यासाठी धावत होते. पहाटे, कुणी फोटो काढत नसताना. ती पोरं सायकलवर माझ्यासोबत येऊन फेऱ्या मोजायची. एकदा तरी पूर्ण उत्तर त्यांच्यापुढे ठेवायचं, एवढी एकच हौस उरली होती.

सकाळी समुद्रावरून वारा नव्हता. ऊन चढत होतं, पण त्या उन्हात काही दम नव्हता, निदान सुरुवातीला तरी. प्रत्येकाच्या बुटाच्या नाडीला आयोजकांनी दिलेली छोटी चिप बांधलेली. रस्त्यात ठिकठिकाणी पट्ट्या अंथरल्या होत्या. चिप त्या पट्टीवरून गेली की फोनमध्ये त्या धावणाऱ्याच्या नावाचा ठिपका नकाशावर पुढे सरकायचा. हेमंतनं अकोल्यात एक हॉल घेऊन तिथं मोठा पडदा लावला होता. आमचे ठिपके बघायला अडीचशे माणसं, आमदारसाहेब, आणि घोषणा द्यायला माझीच पोरं पुढच्या सतरंजीवर. ती कल्पना त्याला फार आवडली होती. ठिपके खोटं बोलत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

“बाई, पुढे भेटू,” म्हणून तो सुरुवातीलाच उधळला. थर्मल दुसऱ्याच किलोमीटरला काढून त्यानं कठड्यावर टाकलेलं मला दिसलं. माकडटोपी त्याच्या पुढे थोड्या अंतरावर.

अर्ध्यावर, जिथं रस्त्याला दोन फाटे फुटत होते, तिथं आमचे बाकीचे चारही जण शहाण्यासारखे थांबले होते. गळ्यात अर्ध्याची पदकं घालून सावलीत बसून मटार खात होते. तिकडे उन्हाळ्यात कोवळे मटार शेंगांसकट विकतात आणि लोक चालता चालता सोलून खातात.

“बाई, या. ऊन चावरं आहे हे,” आमचे सचिव वकील इंगोले म्हणाले.

“हेमंत?”

“अध्यक्ष पुढे गेले. आम्हाला म्हणाले, तुम्ही अकोल्याचं नाक कापलं.”

मी दोन शेंगा घेतल्या आणि निघाले. मला घाई नव्हती. थोडं धावायचं, थोडं चालायचं, पाणी अंगावर घ्यायचं. एका टेबलावर खारवलेल्या काकडीचे काप ठेवले होते. घामातून मीठ जातं म्हणून. मी चार खाल्ले.

सत्ताविसाव्या किलोमीटरची पट्टी ओलांडली आणि पाण्याच्या टेबलापलीकडे, झाडाखालच्या बाकावर अध्यक्ष दिसले. एक बूट काढलेला. चेहरा बिटासारखा. टेबलावरची मुलगी त्याच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवत होती आणि हेमंत तो काढून टाकत होता.

“हेमंत, चक्कर येते का? डॉक्टरची गाडी बोलवायची का?”

“काही नाही, बाई. पोटरी धरली आहे. आणि ही हवाच विचित्र आहे यांची. दमट.” त्यानं काकडीची बशी माझ्याकडे सरकवली. “लोणची खात धावायचं म्हणे. काय लोक आहेत.”

“बस मग. विश्रांती घे. झालं तेवढं झालं.”

“असं कसं झालं?” तो माझ्याकडे तिसरीतल्यासारखा बघायला लागला. म्हणजे माझ्याकडे नाही, माझ्यामागच्या रस्त्याकडे. “बाई, तिकडे लोक बसलेत. साहेब पाच वाजता जाणार आहेत.”

“मग?”

त्यानं बुटाची नाडी सोडली आणि चिप काढून माझ्यापुढे धरली.

“ही तुमच्या बुटाला बांधा. तुम्ही कितीही हळू गेलात तरी चालेल, फक्त पोचली पाहिजे. मी ट्रामनं पुढे जातो आणि शेवटाला उभा राहतो. कुणाचं काही जात नाही ना यात?”

मी थांबले. माझी सवयच ती. बाजूला फुटपाथवर गावातली दोन लहान मुलं रंगीत खडूंनी रस्त्यावर सूर्य काढत होती. धावणाऱ्यांसाठी. एकानं सूर्याला मिशा काढल्या होत्या. त्याची बहीण त्या पुसत होती.

“बाई, न्याल ना?”

“सत्तावीस म्हणजे काही कमी नाहीत, हेमंत. तू आयुष्यात एवढा कधी धावला होतास?”

“सत्तावीस कोण विचारतो?” तो चिडून म्हणाला. “फ्लेक्सवर काय लिहिलंय? न्याल की नाही ते सांगा.”

मी हात पुढे केला. “तू आलास तिथपर्यंत नेते.”

त्यानं चिप माझ्या तळव्यावर टाकली, ‘थँक यू बाई’ म्हणाला आणि ट्रामच्या थांब्याकडे निघाला. पोटरी धरलेला माणूस बऱ्यापैकी झपाझप चालत होता. माझं वाक्य त्यानं ऐकलं होतं. समजून घेण्याइतका वेळ त्याच्याकडे कधीच नसायचा.

मला तिथं दोनतीन मिनिटांचं काम होतं. ते उरकलं आणि मी पुढे निघाले.

तिसाव्या किलोमीटरच्या आसपास त्याचा फोन आला.

“बाई, कुठं आहात?”

“धावतेय.”

“माझा ठिपका सत्तावीसलाच दिसतोय. तुमचा पुढे गेला. असं काऊन?”

“तूच बघ विचार करून.”

“मशीन तापलं असेल या उन्हात. यांना सवय कुठं आहे उन्हाची.” तो बराच वेळ यंत्रांना नावं ठेवत राहिला. मग म्हणाला, “बरं, मी फोटो टाकला आहे ग्रुपवर. शेवटच्या कमानीसमोरचा.”

“कसला फोटो?”

“पूर्ण झाल्याचा. साहेब थांबणार नाहीत ना, म्हणून आधीच टाकला. इंगोल्यांचं पदक घेतलं. उलटं धरलं की अर्धं का पूर्ण ते कळत नाही. तुम्ही फक्त लवकर या.”

मी फोन खिशात ठेवला. अडीचशे माणसांसमोर आता एका बाजूला कमानीखाली पदक घेऊन हसणारा हेमंत होता आणि दुसऱ्या बाजूला पडद्यावर त्याच्याच नावाचा ठिपका पंधरा किलोमीटर मागं, एका बाकाशेजारी. शाळेत निदान त्याची वही मीच एकटी बघत होते.

पुढचे किलोमीटर माझ्या पायांना आठवतात, मला नाही. ऊन खरंच चावरं होतं. मुलांचे पाढे म्हणत गेले. सतराचा तीनदा म्हटला. मग सतराचाही येईना. एका वळणावर हेमंतच्या बायकोचा, अर्चनाचा फोन आला. मागं हॉलचा गलका.

“बाई, हे पोचले ना? फोटो आला ह्यांचा. पण इथं ठिपका हलून नाही राहिला. लोक विचारतात.”

“अर्चना, ते त्यालाच विचार.”

“बरं,” म्हणाली. तिच्या आवाजावरून वाटलं, तिलाही ही वही जुनी ओळखीची होती.

अडतीसच्या अलीकडे मागून बस आली. वेळ संपत आली की जे उरतात त्यांना गोळा करत येणारी बस. तिच्यातून नारिंगी बंडी घातलेला पिकल्या केसांचा एक माणूस उतरला आणि दोन्ही हात जोडल्यासारखे करून म्हणाला की रस्ता आता मोकळा करावा लागतो, माफ करा.

मी त्याच्या खांद्यावरून पुढे बघितलं. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंनी झाडं, आणि मला अजून चालता येत होतं. त्याला तसं सांगितलंही. त्यानं घड्याळ दाखवलं नाही, वाद घातला नाही, नुसता उभा राहिला. थांबणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मला हे इतरांकडून शिकायची वेळ पहिल्यांदाच आली.

“एक मिनिट,” मी म्हणाले आणि खिशातून खडू काढला. सत्तावीसजवळच्या त्या बहीणभावांकडून घेतलेला निळा तुकडा. वाकता येईना, म्हणून रस्त्यावर बसलेच. फुटपाथपासून आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: नलिनी पोहरे. इथपर्यंत. अक्षर वाईट आलं. फळ्यावर माझं अक्षर फार चांगलं आहे.

बसमध्ये बसल्यावर थोडा वेळ मी खिडकीकडे तोंड केलं होतं. त्याबद्दल अधिक काही लिहीत नाही.

बस कमानीच्या मागंच थांबली. हेमंत धावत आला. आता मात्र धावत होता. गळ्यात इंगोल्यांचं पदक उलटं.

“बाई, बसमधून? ठीक आहे, काही बिघडलं नाही. हे बघा, इथं कुणी अडवत नाही. या बाजूनं आत शिरा आणि त्या पट्टीवरून चालत जा. दोन्ही चिपा लागतील. तुमचंही पूर्ण, माझंही पूर्ण. कोणाला कळतं?”

कमान वीस पावलांवर होती. तिथली पोरगी बसमधून उतरलेल्यांनाही हसून पाणी देत होती. खरंच कुणी अडवलं नसतं.

“माझ्याजवळ एकच चिप आहे,” मी म्हणाले. “तुझी सत्तावीसला आहे. त्या पाण्याच्या टेबलावरच्या मुलीकडे दिली. तिनं तुझा नंबर लिहून घेतला. आणि बाकासमोर रस्त्यावर तुझी रेघ मारली आहे, नाव लिहून. हेमंत गावंडे, इथपर्यंत.”

त्याचं तोंड उघडं राहिलं. “तुम्ही नेते म्हणालात.”

“तू आलास तिथपर्यंत नेली.”

“बाई, अडीचशे लोक बसलेत तिथं. साहेब बसलेत.”

“पाचला जाणार होते ना?”

“ते आलेच साडेपाचला.” त्याचा आवाज फाटला. “तुम्ही काय केलं कळतंय का तुम्हाला? माझी इज्जत घालवली.”

“सत्तावीस किलोमीटर धावलास तू. कुठल्याही शाळकरी पोरानं वर्षभर सांगितले असते. त्यांना सांग.”

“सत्ताविसाची काय किंमत?”

तेवढ्यासाठी मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. आयुष्यात एकदा, एकदाच, या माणसानं मधलं गणित स्वतः केलं होतं, आपल्या पायांनी, आपल्या घामानं, आणि नेमकी त्याचीच त्याला लाज वाटत होती. ज्याची नक्कल केली त्याची कधी वाटली नव्हती.

माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर सतरंजी, पोरांची डोकी आणि अगदी जवळ चांदणीचं नाक. अर्चनानं फोन तिच्या हातात दिला होता आणि हॉलच्या स्पीकरला जोडून ठेवला होता. ते तिनं चुकून केलं की कसं, मी कधी विचारलं नाही.

“बाई, तुमचा ठिपका थांबला.”

“हाव. थांबला.”

“रेघ मारली?”

“मारली.”

“नाव?”

“लिहिलं. अडतीसच्या जरा अलीकडे.”

तिनं मान हलवली, वहीत बरोबरची खूण करताना मी हलवते तशी. “आन् त्या काकाचं?”

हेमंतनं फोनसाठी हात पुढे केला. मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

“त्यांचीही मारली,” मी म्हणाले. “सत्तावीसला.”

हॉलमध्ये सतरंजीवरच्या पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. रेघ मारली की टाळ्या वाजवायच्या, त्यांना एवढंच ठाऊक. मागच्या खुर्च्यांवर कुणी हात हलवला नाही. फक्त आमदारसाहेबांनी, उशिरा आल्यामुळे त्यांना काही कळलं नव्हतं, पोरांचं बघून दोनचार टाळ्या वाजवल्या.

हेमंतनं पदक काढलं. मला वाटलं, आता इंगोल्यांना परत देईल. त्यानं ते सरळ करून बघितलं, पुन्हा उलटं केलं आणि खिशात घातलं.

फ्लेक्स दिवाळीपर्यंत टॉवर चौकात होता. मग त्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागला. चांदणी आता अकरावीला आहे, गणित घेतलंय. मी दुसऱ्या वर्षी जाऊन ते चार किलोमीटर आणि त्यामागचे अडतीस पुन्हा धावून आले. एकटी. पोरांना पदक दाखवलं, त्यांनी ते आळीपाळीनं घातलं.

हेमंत अजूनही एजन्सीच्या काचेच्या दाराआड बसतो. आत पारा अठरावर ठेवलेला असतो. हेलसिंकीचं कुणी विचारलं की तो खुर्चीत रेलतो आणि हातानं वारा घेतल्यासारखं करतो.

“काय सांगू तुम्हाला,” म्हणतो, “ऊन लय होतं तिकडे.”